जन्माने कुणी चोर नसतो

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींवर जन्मजात चोर असा शिक्का मारला. पुढे पारधी, कैकाडीही त्या यादीत आले. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवान्याशिवाय हलायचे नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. १९५२मध्ये कायदा गेला, पण चोरी झाली की संशयाची सुई आजही आधी पारध्यांच्या पालांकडेच वळते.

‘त्यांच्यातले काही चोऱ्या करतातच की,’ असे कुणी म्हणेल. करत असतील, पण गुन्हा माणूस करतो, जात नव्हे. शिवाय ज्याला कुणी कामावर ठेवत नाही, त्याने पोट कसे भरायचे? २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतला या जमातींविरुद्धचा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. मनातला शिक्का मात्र आपणच पुसायचा आहे. शेजाऱ्याला जन्मावरून आरोपी ठरवणाऱ्या समाजाने एकात्मतेच्या गप्पा मारू नयेत.