कचरा म्हणायचे कशाला?

घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीचे नियम हा विषय साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडली असेल. पण या कायद्यातला निम्मा झगडा शब्दांचा आहे. पिपात जे भरले आहे त्याला माल म्हणायचे की कचरा, खत म्हणायचे की राख, वंगण तेल म्हणायचे की जळके तेल, यावर पुढचे सारे ठरते. शिवाय आपण इंदूरकर. पीथमपूर आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि तिथे अलीकडे जे घडले ते समजून घ्यायचे तर आधी थोडे समुद्रावर जावे लागेल.

१९८६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कचरा जाळण्याच्या भट्टीतली सुमारे १४,००० टन राख घेऊन 'खियान सी' नावाचे जहाज निघाले. बहामाने ती उतरवून घेतली नाही. मग आणखी काही देशांनीही नकार दिला. १९८८ च्या आरंभी जहाज हैतीच्या गोनाईव्ह बंदराला लागले. कागदावर मालाचे नाव होते 'खत'. सुमारे ४,००० टन राख किनाऱ्यावर ओतून झाल्यावर हैती सरकारला खरा प्रकार कळला आणि राख पुन्हा जहाजात भरण्याचा हुकूम निघाला. जहाजाने तो न मानता पोबारा केला. पुढे त्याचे नाव दोनदा बदलले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते सिंगापूरजवळ दिसले तेव्हा त्याच्या पोटात काहीच नव्हते. उरलेली राख समुद्रात गेली होती. गोनाईव्हच्या किनाऱ्यावरची राख मात्र तिथेच पडून राहिली. २००० साली ती उचलली गेली, आणि २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियात, म्हणजे फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्याच राज्यात, पुरली गेली. सोळा वर्षांनी राख माहेरी आली.

त्याच १९८८ साली नायजेरियातल्या कोको या लहानशा बंदरगावात इटलीहून आलेली विषारी कचऱ्याची हजारो पिपे सापडली. एका गावकऱ्याचे आवार महिना सुमारे १०० डॉलर भाड्याने घेऊन ती तिथे रचून ठेवली होती. ही बातमी नायजेरियाला कळली ती इटलीत शिकणाऱ्या आपल्याच विद्यार्थ्यांकडून, कारण तिथल्या वर्तमानपत्रांत ती छापून आली होती. नायजेरियाने इटलीला कचरा परत न्यायला लावला. तो घेऊन निघालेल्या 'करिन बी' या जहाजाला युरोपातली बंदरे एकामागून एक दारे लावू लागली. गरीब देशाच्या अंगणात जो कचरा महिनोन्‌महिने खपून गेला, त्याला श्रीमंत देशांच्या धक्क्यावर एक दिवसही जागा मिळेना.

या दोन प्रकरणांची लाज ताजी असताना २२ मार्च १९८९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बेसल शहरात करार झाला. ५ मे १९९२ पासून तो अंमलात आला, आणि त्याच वर्षी भारतानेही त्याला मान्यता दिली. अमेरिकेने १९९० मध्ये सही केली, पण मान्यता आजवर दिलेली नाही.

कराराचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: ज्याच्या दारात कचरा जायचा आहे त्याला आधी विचारा, आणि त्याचा लेखी होकार येईपर्यंत हलू नका. पाठवणाऱ्या देशाच्या सरकारने, किंवा त्याच्या देखरेखीखाली पाठवणाऱ्याने, घेणाऱ्या देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक देशाला कळवायचे. कचरा कोणता, किती, कुठून निघाला, कुठे जाणार, तिथे त्याचे काय करणार, हे सारे त्यात हवे. पाठवणारा आणि विल्हेवाट लावणारा यांच्यात करारनामा हवा, आणि कचऱ्यासोबत एक कागद शेवटपर्यंत फिरायला हवा, ज्यावर तो ज्याच्या ज्याच्या हातात जाईल त्याने सही करायची. काम पूर्ण झाल्याची पोच उलट पाठवायची. काम पूर्ण होऊ शकले नाही आणि दुसरी योग्य सोय लागली नाही, तर पाठवणाऱ्या देशाने ९० दिवसांत माल परत न्यायचा. पाठवणाऱ्याच्या लबाडीने माल गेला असेल तर मुदत ३० दिवसांची.

आपल्याकडे 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणतात. या करारात घेणाऱ्या देशाचे मौन हा नकार आहे. कायद्याच्या भाषेत ही फार मोठी उलथापालथ आहे, कारण दुबळ्या देशांचे सरकारी खाते बहुतेक वेळा उत्तरच देत नाही, आणि जुना व्यापार त्या गप्प बसण्यावरच चालत असे.

आता शब्दांकडे येऊ. करारानुसार कचरा म्हणजे ज्याची विल्हेवाट लावली जाते, लावायची आहे किंवा कायद्याने लावावी लागते अशी वस्तू. व्याख्या सोपी वाटते, पण 'विल्हेवाट' म्हणजे काय? मराठीत विल्हेवाट लावली म्हणजे वस्तू संपली. करारात मात्र पुनर्वापरासाठी गाळणे, वितळवणे, धातू काढणे हेही विल्हेवाटीतच मोडते. हे मुद्दाम केले आहे, नाहीतर प्रत्येक व्यापारी 'आम्ही कचरा पाठवत नाही, कच्चा माल पाठवतो' असे म्हणून सुटला असता. घातक कचऱ्याचे वर्ग करारात वाय-१ ते वाय-४५ अशा खुणांनी मोजले आहेत. त्यानंतरचा वाय-४६ म्हणजे घरगुती कचरा आणि वाय-४७ म्हणजे तो जाळून उरलेली राख. वाय-४७ वाचताना मला दरवेळी 'खियान सी' आठवते. २०२१ पासून मिसळलेले व मळके प्लास्टिक, आणि २०२५ पासून सगळाच इलेक्ट्रॉनिक कचरा, बिनघातक असला तरी, संमतीच्या कक्षेत आला आहे.

शब्दांचा खेळ आपल्याच किनाऱ्यावर कसा चालला याचा दाखला उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात आहे. तिथे वंगण तेल म्हणून आलेले १३३ कंटेनर अडकून पडले होते. तपासणीत ते घातक टाकाऊ तेल निघाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये ते तेल जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला, आणि खर्च मागवणाऱ्यांच्या माथी मारला. मला या निकालात दंडापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. माल ज्यांनी धाडला त्या देशांकडे तो परत गेला नाही. कंटेनर धक्क्यावर वर्षानुवर्षे पडून राहिले की परतीची कलमे कागदावर राहतात आणि धूर आपल्याकडे निघतो.

आज भारतात २०१६ चे नियम लागू आहेत. नुसते पुरण्या-जाळण्यासाठी बाहेरचा घातक कचरा आणायला त्यात बंदी आहे. पुनर्वापरासाठी, केंद्राच्या परवानगीने, काही प्रकार आणता येतात. २०१९ पासून टाकाऊ प्लास्टिक आणण्यावरही बंदी आली. बेकायदा आलेला माल मागवणाऱ्याने ९० दिवसांत स्वखर्चाने परत पाठवायचा असतो. श्रीमंत देशांनी घातक कचरा इतर देशांत पाठवूच नये, अशी दुरुस्ती १९९५ मध्ये बेसल करारात सुचवली गेली. ती अंमलात यायला डिसेंबर २०१९ उजाडला, आणि तीही मान्य करणाऱ्या देशांपुरतीच.

आता पीथमपूर. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात १९८४ च्या दुर्घटनेनंतर विषारी कचरा पडून होता. २०१२ मध्ये त्यातला सुमारे ३५० टन कचरा जर्मनीत नेऊन जाळावा अशी योजना जीआयझेड या जर्मन सरकारी संस्थेमार्फत ठरत आली होती. आपल्या देशातला कचरा परदेशी जाण्याची ही दुर्मीळ वेळ. जर्मनीत बातमी फुटली, लोकांचा विरोध झाला, आणि त्याच वर्षी संस्थेने अंग काढून घेतले. विरोध करणाऱ्या जर्मन नागरिकांना मी दोष देणार नाही. त्यांच्या सरकारकडे नकार द्यायचा हक्क होता, आणि सरकारवर दबाव आणायचा हक्क त्यांच्याकडे होता. पण त्या भट्ट्या आपल्यापेक्षा कमी कसाच्या होत्या असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

मग १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा १२ कंटेनरांतून भोपाळहून निघाला आणि पहाटे पीथमपूरला पोचला. गावात बंद झाला, मोर्चे निघाले, दोघांनी अंगाला आग लावून घेण्याचा प्रयत्न केला. पुढे उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचणी म्हणून थोडा थोडा आणि मग उरलेला कचरा जाळण्यात आला. जूनअखेर काम संपले. चाचण्यांत धूर मर्यादेत राहिला असे सरकारी अहवाल सांगतात, आणि तज्ज्ञांच्या मोजणीवर मी माझी शंका लादणार नाही.

माझा प्रश्न कागदाचा आहे. हाच कचरा हँबर्गला गेला असता तर भारताला जर्मनीचा लेखी होकार घ्यावा लागला असता. पुरण्या-जाळण्यासाठी तो दुसऱ्या राज्यात गेला असता तर आपल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे दोन्ही राज्यांच्या प्रदूषण मंडळांचे ना-हरकत पत्र लागले असते. भोपाळ आणि पीथमपूर दोन्ही मध्य प्रदेशात, त्यामुळे यातले काहीच लागले नाही. घातक कचऱ्याच्या गाडीसोबत जो कागद फिरतो त्याच्या सात प्रती असतात, वेगवेगळ्या रंगांच्या. त्यावर पाठवणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि विल्हेवाट लावणाऱ्या कारखान्याची सही असते. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या गावासाठी त्यात रकाना नाही. तारापुरासारखे गाव या भट्टीच्या अगदी शेजारी आहे.

भट्टीत चुना मिसळावा लागतो, त्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनाने जास्त भरली. ती कुठे ठेवायची, यावर जबलपूरच्या उच्च न्यायालयात पुन्हा सुनावणी सुरू झाली.