संगणकीय गुन्हेशोधन खेळ आणि लागू खटला : न्यायसहायक पुराव्याची मर्यादा

लास व्हेगास येथील गुन्हेशोधकांवर आधारित ‘सीएसआय’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका 2000 ते 2015 या काळात प्रसारित झाली. तिच्या लोकप्रियतेतून 2003 साली त्याच नावाचा संगणकीय खेळ निघाला व पुढे त्याची मालिकाच तयार झाली. भारतात 1998 पासून ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेने प्रयोगशाळा व डॉक्टर यांना तपासकथेत मानाचे स्थान दिले होते. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला या खेळाचे जग सर्वस्वी अपरिचित नव्हते. अशा खेळातून पुराव्याविषयी कोणती समजूत घडते आणि ती न्यायालयात कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात मावळातून जाणाऱ्या लोहमार्गावर घडलेल्या एका प्रकरणाच्या आधारे केला आहे.

या खेळात खेळाडू नवशिका तपासनीस असतो. घटनास्थळी तो योग्य साधन निवडून ठसे, रक्त, तंतू गोळा करतो, ते प्रयोगशाळेत नेतो आणि पुरेसा पुरावा जमल्यावर पोलीस अधिकाऱ्याकडे झडतीचे वा चौकशीचे वॉरंट मागतो. पुरावा अपुरा असल्यास वॉरंट मिळत नाही. ही शिस्त स्तुत्य आहे. संशय आणि पुरावा यांतील भेद ती खेळता खेळता शिकवते, आणि पाठ्यपुस्तकाला हे क्वचितच साधते.

तथापि खेळातील प्रयोगशाळा कधी निरुत्तर होत नाही. ल्युमिनॉल या रसायनाचेच उदाहरण घेता येईल. रक्तातील लोहामुळे त्याची अभिक्रिया घडते व निळसर प्रकाश दिसतो. परंतु ब्लीचिंगचे द्रावण किंवा तांब्याचे क्षार यांच्या संपर्कातही तो दिसू शकतो. म्हणून ती केवळ प्राथमिक चाचणी होय. शिवाय खेळातील घटनास्थळ खेळाडूची वाट पाहत थांबते. लोणावळ्याच्या पावसाळ्यात उघड्यावरचे रक्त आणि पाऊलखुणा असे थांबत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (2023) सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली, तिचे महत्त्व यातून ध्यानी येते.

पुरावा सापडलाच नाही तर काय, हा प्रश्न लागू खटल्याने विचारला. पुण्यातील लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा मधुमेहाने आजारी होत्या. त्यांच्याच घरात भाडेकरू असलेले डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्यावर उपचार करीत. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री ही दोघे पुण्याहून मुंबईच्या पॅसेंजरने निघाली. तळेगाव, कामशेत, लोणावळा अशी मावळातील स्थानके मागे टाकून, बोरघाट उतरून गाडी पहाटे मुंबईस पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले. नाव मात्र त्यांचे प्रचलित नाव नव्हे, दुसरेच सांगितले. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

शवविच्छेदन दहा दिवसांनी झाले. व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे गेला आणि त्यात कोणतेही विष आढळले नाही. मधुमेहजन्य मूर्च्छेमुळे मृत्यू, असे मत प्रथम नोंदले गेले. येथवर प्रयोगशाळेचे काम संपले.

तपास पुढे गेला तो माणसाच्या वर्तनावरून. मृत्यूची वार्ता आप्तेष्टांना कळवली गेली नाही. उलट लक्ष्मीबाई जिवंत असल्याचे भासवणारी पत्रे लिहिली गेली, आणि दरम्यान त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती गेली. सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 1959 रोजी बहुमताने दोषसिद्धी व देहदंड कायम ठेवला. न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालपत्राचा आशय असा की, अनेक विषे विश्लेषणात सापडत नाहीत. म्हणून विष आढळलेच पाहिजे असा हट्ट धरल्यास जाणकार विषप्रयोगकर्ता नेहमीच सुटेल. परिस्थितिजन्य पुरावा पुरेसा निर्णायक असल्यास विषप्रयोग त्यावरूनही सिद्ध होऊ शकतो.

न्या. सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. आरोपीचे वर्तन कितीही निंद्य असले तरी मृत्यू नैसर्गिक नव्हता हेच निःसंशय सिद्ध झालेले नाही, असे त्यांना वाटले. हा मतभेद दुर्लक्षिण्याजोगा नाही, कारण लबाडी सिद्ध झाली म्हणजे खून सिद्ध झाला असे होत नाही. बहुमताने मात्र प्रवासापूर्वीची तयारी, रुग्णालयातील नोंद आणि नंतरची पत्रे ही एकाच योजनेची अंगे मानली, आणि एकत्रित वाचल्यास तो निष्कर्ष अधिक सयुक्तिक वाटतो. खेळाच्या नियमांनुसार हे प्रकरण विश्लेषकाच्या अहवालापाशीच अडले असते आणि वॉरंटची मागणी फेटाळली गेली असती.