खांदेरीचा दीपस्तंभ

अलिबागजवळील थळ गावासमोर, भर समुद्रात खांदेरी हे लहानसे बेट आहे. मुंबई बंदराच्या वाटेवर नजर ठेवता यावी, म्हणून शिवाजी महाराजांनी १६७९ साली येथे किल्ला बांधावयास घेतला. इंग्रज व सिद्दी यांनी निकराचा विरोध केला. परंतु मायनाक भंडारी व त्याचे सोबती हटले नाहीत.

बेटाभोवतीचे खडक शत्रूला अडवीत, तसेच ते रात्री गलबतांनाही घातक ठरत. त्यांची जागा अंधारात कळावी, यासाठी १८६७ साली येथे दीपस्तंभ उभारण्यात आला. आघात करताच धातूसारखा नाद देणारा एक खडकही येथे आहे.

२०२५ साली मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसह खांदेरीला जागतिक वारशाचा मान मिळाला. ज्या तटाने तोफांचे मारे सोसले, तो पाहुण्यांच्या निष्काळजीपणाने ढासळू नये.