दान अंगणापर्यंत

डहाणू तालुक्याचे दोन चेहरे आहेत. समुद्राकडचा चेहरा घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांचा. मुंबईच्या अनेक व्यापारी कुटुंबांना तो परिचित आहे. महामार्ग ओलांडून पूर्वेकडे निघाले की दुसरा चेहरा दिसू लागतो. सायवन त्या बाजूचे. वारली-कोकणांचे विखुरलेले पाडे, पावसावरची भातशेती आणि कापणी आटोपली की वीटभट्ट्यांकडे निघालेली कुटुंबे. सायवनला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मात्र दूरच्या पाड्यावरून ऐन पावसाळ्यात तेथवर पोहोचणे हीच मोठी कसोटी ठरते. प्रकृती फारच बिघडली, तर रुग्णाला कासा, डहाणू किंवा राज्याची हद्द ओलांडून सिल्वासा गाठावे लागते.

अशा भागात शहरातून मदत येते ती बहुधा शिबिराच्या रूपाने. एका रविवारी डॉक्टर येतात, गोळ्या वाटल्या जातात, ब्लँकेटे दिली जातात, छायाचित्रे निघतात. दात्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कुपोषण, रक्तक्षय, सिकलसेल हे एका रविवारी बरे होणारे आजार नव्हेत. सिकलसेलच्या रुग्णाला महिनोन्‌महिने औषध, तपासणी आणि विचारपूस लागते. सोमवारी तेथे कोण असणार, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर याच तालुक्यात घडले. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी गुरे राखी. तेव्हा मुलांना दोष न देता बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. अक्षरांच्या आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे आले. आरोग्याचा पाठ तेथूनच सुरू झाला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. अनुताई मात्र 1992 मध्ये निधन होईपर्यंत त्याच कामात राहिल्या. इतकी वर्षे टिकून राहणे हे कोणत्याही इमारतीपेक्षा मोठे दान म्हटले पाहिजे.

बाहेरच्या माणसाकडे येथे पटकन विश्वासाने पाहिले जात नाही, यालाही इतिहास आहे. पावसाळ्यात घरातील धान्य संपे, तेव्हा सावकाराकडून खावटी घ्यावी लागे आणि ती दीडपट-दुपटीने फेडावी लागे. वेठबिगारीविरुद्ध 1945 मध्ये गोदूताई परुळेकरांच्या साथीने वारली उठले, ते याच डहाणू-तलासरी पट्ट्यात. व्यापारी घराण्यांनी येथे येताना हे ठाऊक असलेले बरे.

विश्वास मिळवण्याची रीत सर्पदंशावरील अलीकडच्या कामात दिसते. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश होतात आणि रुग्णाला प्रथम भगताकडे नेण्याची प्रथा आहे. डहाणूत संशोधक व आरोग्य विभागाने भगतांची हेटाळणी न करता त्यांनाच प्रशिक्षणात सामील केले. रुग्णाला अडवून न ठेवता प्रतिविष असलेल्या केंद्राकडे धाडावे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित होते. असल्या कामाला भव्य वास्तू लागत नाही. प्रशिक्षण, औषधसाठा आणि चालू स्थितीतले वाहन लागते.

नेमका हाच खर्च उचलण्यास दाते कचरतात. खोली बांधून दिली की नावाचा फलक लागतो. परिचारिकेचा पगार, गाडीचे डिझेल, हातपंपाची दुरुस्ती यांवर फलक कसा लावणार? वास्तविक दुकान घेतानाच भाडे, वीज आणि मुनिमाचा पगार यांचा हिशेब मांडणाऱ्या समाजाला हे सांगावे लागू नये. औषधदानाचा संकल्प करताना संस्थेकडून पुढील पाच वर्षांचा चालू खर्च लेखी मागावा. मोठी रक्कम बँकेत ठेवून व्याजातून पगार भागवण्याची जुनी पद्धतही आहेच. फक्त व्याजदर घटला तर तूट कोण भरणार, ते आधी ठरवावे.

आहाराच्या बाबतीत एक अडचण नेहमी पुढे येते. शासनाच्या अमृत आहार योजनेत मुलांना अंडी दिली जातात, न खाणाऱ्यांना केळी. शाकाहारी दात्याने तेवढ्यासाठी मागे सरू नये. शेंगदाणे, गूळ, चणे, डाळ आणि तेथलीच नागली यांचा नियमित पुरवठा त्याला खुशाल करता येईल.

आणि तारीख ठरवताना मुंबईतील सुट्ट्या पाहू नयेत. दिवाळीनंतर पाडे रिकामे होऊ लागतात. अंगणवाडीच्या नोंदवहीत नाव असलेले मूल तेव्हा दूरच्या एखाद्या वीटभट्टीवर असते. त्याचे वजन, लस आणि पुढच्या महिन्यांची औषधे यांची व्यवस्था कुटुंब निघण्यापूर्वीच व्हावी लागते.