ॲमस्टरडॅमला जाताय? मग एवढं वाचाच

ॲमस्टरडॅममध्ये गांजा कायदेशीर आहे, ही समजूत आधी डोक्यातून काढा. तिथे तो फक्त चालवून घेतात. वय १८ पूर्ण, खिशात पासपोर्ट आणि 'कॉफीशॉप'मधून (म्हणजे तिथल्या गांजा विकणाऱ्या दुकानातून) दिवसाला जास्तीत जास्त ५ ग्रॅम, बस्स. (आत दारू मिळत नाही आणि तंबाखू मिसळून ओढायलाही बंदी. डच लोकांचं गणित भारीच!) रस्त्यावर हळूच 'हवंय का' विचारणाऱ्याकडे ढुंकूनही पाहू नका. द वालन या जुन्या भागात मे २०२३ पासून रस्त्यावर ओढलात तर १०० युरो दंड. नेदरलँड्समधल्याच मास्ट्रिख्ट शहरातल्या कॉफीशॉपमध्ये तर पर्यटकांना प्रवेशच नाही. आणि उरलेला माल बॅगेत? मुळीच नाही. मुंबईत उतरल्यावर गाठ १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याशी आहे.