पुस्तकांतील आई आणि पडद्यावरील आई

१९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविल्यानंतर दादासाहेब फाळक्यांनीं आपला चित्रपटांचा कारखाना नाशिकला हलविला. त्याच नाशिकच्या तुरुंगांत १९३३ च्या फेब्रुवारींत, ९ ते १३ या तारखांच्या दरम्यान, साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहून काढली. आणि १९५३ सालीं आचार्य अत्रे यांनीं तिचा चित्रपट केला. या पुस्तकास काटेकोर अर्थानें कादंबरी म्हणतां येणार नाहीं. तरी कथा कागदावरून पडद्यावर जातांना तिचें काय होतें, हें पाहावयास याहून चांगलें उदाहरण मराठींत क्वचितच सांपडेल.

पुस्तकाची घडण अशी कीं, मोठा झालेला श्याम आश्रमांतील मित्रांना रोज रात्रीं एक आठवण सांगतो. अशा रात्री ४२. म्हणजे वाचकाला आई थेट भेटत नाहीं; पश्चात्तापानें ओल्या झालेल्या मुलाच्या आठवणींतून ती भेटते. पोहावयास भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीनें मारते, तो प्रसंग घ्या. तेथें मार खाणारा पोर आणि त्या माराबद्दल कृतज्ञ असलेला प्रौढ पुरुष असे दोघे एकदम बोलत असतात. मार बसण्यापूर्वींच वाचकानें आईला क्षमा केलेली असते.

पडद्याला असा भूतकाळ नाहीं. तेथें जें घडतें तें आतां, डोळ्यांसमोर घडतें. छडी उगारली कीं ती उगारलेलीच दिसते. तिचा अर्थ पुढें केव्हां कळला, हें कॅमेऱ्याला सांगतां येत नाहीं. तें काम मग नटांच्या मुद्रेकडे येतें. वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर कठोरपणा आणि कळवळा एकाच वेळीं उमटला नसता, तर ही आई निव्वळ कजाग ठरली असती. माधव वझे यांच्या श्यामला तर प्रौढपणाचें शहाणपण उसनें मिळण्याची सोयच नव्हती. तो खराखुरा हट्टी पोर राहिला, आणि तें बरेंच झालें.

निवेदनाबरोबर जें गेलें, तें अत्र्यांनीं कांहीं अंशीं गाण्यांतून परत आणलें. ‘भरजरी गं पितांबर’ हें गीत त्यांचें, चाल वसंत देसाई यांची, आवाज आशा भोसले यांचा. बंधुप्रेमाचा धडा येथें द्रौपदी-कृष्णाच्या कथेंतून कानांवर पडतो. उपदेश लांबला तर वाचक पान उलटतो. प्रेक्षकाला तशी मुभा नसते.

प्रभातच्या ‘कुंकू’ची (१९३७) गोष्ट निराळी. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील या चित्रपटांत म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरांतील घड्याळ व्ही. शांताराम यांनीं असें बोलकें केलें कीं, सरलेल्या वयाविषयीं पानभर मजकुराची गरज उरली नाहीं. अत्र्यांची अडचण अधिक बिकट होती. घड्याळ दाखवितां येतें. मुलाचा पश्चात्ताप कोणत्या वस्तूंत दाखवावा?

अत्र्यांच्या चित्रपटाला १९५४ सालीं राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. पुढें २०२३ सालीं सुजय डहाके यांनीं हीच कथा पुन्हां, कृष्णधवल रंगांत, पडद्यावर आणली. त्या वेळीं ओम भुतकर यांच्या रूपानें साने गुरुजीच चित्रांत आले. सांगणाऱ्याला दाखविल्यावांचून सांगणें पुरें होत नाहीं, असें बहुधा दिग्दर्शकाला वाटलें असावें.