मॉरिशसचा ऊस आणि आपला ऊस : एका अभ्यासदौऱ्याचा हिशेब



परदेश दौरा म्हटला की सभासदाच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'पैसा कुणाचा आणि उपयोग काय?' प्रश्न रास्तच आहे. गेल्या जुलैमध्ये आम्ही सात जण, म्हणजे चार संचालक, दोन सभासद आणि शेतकी अधिकारी, आठ दिवस मॉरिशसला जाऊन आलो. जाण्यायेण्याचा खर्च कारखान्याने केला. तेव्हा काय पाहिले, काय खाल्ले आणि काय शिकलो, याचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्यच आहे.

जुलै महिना मुद्दाम निवडला होता. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो आणि साधारण जून ते डिसेंबर गाळप चालते. आपला कारखाना बंद असताना त्यांचा चालू पाहायला मिळतो.

देश लहान. कोल्हापूर जिल्ह्याचे चार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे ते बेट. विमानतळाबाहेर पडलो तो दोन्ही अंगांना ऊसच ऊस! फडाफडांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसले. जमीन ज्वालामुखीची, दगडगोट्यांनी भरलेली. जुन्या मजुरांनी हातांनी दगड वेचून ते ढीग रचले, तेव्हा कुठे ऊस लागला.

हे मजूर म्हणजे बहुतेक आपलेच लोक. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे, तिथे पहिल्या दिवशी गेलो. गुलामगिरी बंद होत असताना, १८३४ पासून, करारावर हिंदुस्थानी मजूर आणायला सुरुवात झाली. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे या वाटेने आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासकडून, पण मुंबई बंदरातून कोकणपट्टीची मराठी माणसेही गेली. २००६ मध्ये हा घाट जागतिक वारसा यादीत आला. त्या पायऱ्यांवर उभे राहिल्यावर आमच्यातल्या कुणालाच बोलावेसे वाटेना.

आता कामाचे बोलू. कारखान्याच्या वजनकाट्याजवळ आम्ही तासभर उभे होतो. गाडी आली की एक पोकळ नळी उसाच्या भाऱ्यात खुपसून नमुना काढतात. तो कुटून रस काढायचा आणि त्यातली साखर प्रयोगशाळेत मोजायची. या तपासणीवर कारखान्याची नव्हे, सरकारी यंत्रणेची देखरेख असते. 'काटा आणि उतारा यांच्यावर शेतकऱ्याचा विश्वास नसेल तर बाकी सगळे फुकट,' असे तिथल्या अधिकाऱ्याने आम्हाला सांगितले.

पैशाची वाटणीही समजून घेण्यासारखी आहे. उसातून जी साखर निघेल तिच्यातली ७८ टक्के ऊसवाल्याची, २२ टक्के कारखान्याची. समजा, तुमच्या उसाचा उतारा ११ टक्के आहे. टनाला ११० किलो साखर झाली, त्यातली ८५.८ किलो तुमची. उतारा १० टक्के असेल तर ७८ किलो. म्हणजे टनामागे ७.८ किलोचा फरक. शंभर टनांना तो ७८० किलो होतो! साखर विकण्याचे काम १९१९ मध्ये स्थापन झालेले साखर सिंडिकेट करते.

आपल्याकडे एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. चांगला, पक्व ऊस देणाऱ्याला आणि कोवळा ऊस देणाऱ्याला दर एकच. महसूल वाटणीचे तत्त्व मात्र आपल्याला नवे नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्यात साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा उसाचा धरला आहे.

दुसरी गोष्ट चिपाडाची. एक टन ऊस गाळला की साधारण ३०० किलो ओले चिपाड निघते. हंगामात चिपाड आणि हंगाम संपला की दगडी कोळसा जाळून तिथली वीजकेंद्रे चालतात. वीजनिर्मिती आपल्याकडच्याही अनेक कारखान्यांत आहे. पण 'चिपाड आमच्या उसाचे, तर विजेचे पैसे आम्हाला किती?' हा प्रश्न तिथल्या छोट्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लावून धरला आणि अलीकडे त्यांचा दर वाढवून घेतला.

वादळाचाही विचार त्यांनी केलेला आहे. १९६० च्या कॅरोल चक्रीवादळाने साखर उत्पादन निम्म्याहून खाली आणले. पण वादळ आणि दुष्काळ यांच्यासाठी ऊसविमा तिथे १९४६ पासूनच होता.

एवढे सगळे असूनही एक गोष्ट मनाला लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या बेटावर दोनशेच्या वर कारखाने होते, आज तीन आहेत. युरोपशी १९७५ पासून चांगल्या दराचा करार होता. २००६ ते २००९ मध्ये युरोपने दर ३६ टक्क्यांनी उतरवले आणि तो करारही संपला. छोटा ऊसवाला तिथे मोडला.

पश्चिमेकडच्या एका खेड्यात मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. घरात क्रिओल बोलतात, मराठी मुले शाळेत शिकतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी! घरच्या आजोबांनी थांबत थांबत मराठीत सांगितले, "दोन आर्पां ऊस होता. तोडायला माणूस मिळेना, मुलगा हॉटेलात नोकरीला गेला. मजुरीसुद्धा निघेना, मग सोडला." आर्पां म्हणजे आपल्या एकरापेक्षा किंचित जास्त. त्यांच्या अंगणापलीकडे ते रान पडीक दिसत होते.

खाण्याचे विचाराल तर तिथली डाळपुरी सर्वांना आवडली. पुरणपोळीत गूळ घालायचा राहून गेला की जशी होईल तशी, वर वालासारख्या दाण्यांची आमटी आणि टोमॅटोची चटणी. मिरचीचे डाळवडेही खाल्ले. एक दिवस फिरण्यात गेला, तेही लपवत नाही. गंगा तलाव पाहिला, शामारेलची सात रंगांची माती पाहिली. बो प्लां येथे १९९९ मध्ये बंद पडलेल्या कारखान्यात आता साखरेचे संग्रहालय आहे. तिथे नाना प्रतीची तपकिरी साखर चमच्याने चाखायला देतात. पण जुने मिल-रोलर पाहताना आम्हाला ती साखर गोड लागली नाही. बंद कारखाना कितीही छान रंगवला तरी तो बंदच.

म्हणून वार्षिक सभेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, तोडणीचा प्रोग्रॅम नुसत्या लागणीच्या तारखेवर न ठेवता फडातला ब्रिक्स तपासून लावावा. दोन, एका गटापुरता, प्रयोग म्हणून, प्रत्येकाच्या उसाचा उतारा वेगळा मोजून सभासदाला लेखी कळवावा. दराला हात न लावता एक हंगाम आकडे तरी पाहू. तीन, एक-दोन एकरवाल्यांनी शेजारची राने मिळून लागण आणि तोडणी एकदम करावी. मॉरिशसने लहान तुकडे एकत्र करून दगड काढण्याची योजना राबवली, पण तोवर बऱ्याच जणांनी ऊस सोडला होता.

आपल्या भागातही तोडणीला टोळ्या मिळेनाशा झाल्या आहेत, पोरे नोकरीला चालली आहेत. आजोबांचे ते पडीक रान आम्ही पाहून आलो, ते तुमच्यापुढे ठेवले. सभेला अवश्य या आणि आम्हाला अडचणीचे प्रश्न विचारा.

आपले नम्र,
अभ्यासदौऱ्यातील संचालक व सभासद